चौथा रकाना

नाना गेल्याची बातमी मला नेपाळहून कळली. गेल्या दीड महिन्यात हे मी जितक्यांना सांगितलं, तितके सगळे आधी हसले आणि मग ओशाळले. नाना म्हणजे वसंत घडशी, रत्नागिरीत माझ्याच पोलीस ठाण्यातून सहायक फौजदार म्हणून निवृत्त झालेले. त्यांचं गाव देवरूखच्या वरच्या अंगाला, माझ्या घरापासून फार तर दीड-दोन तासांचा रस्ता. आणि त्या रविवारी दुपारी मी नारळ खवत बसलेली असताना फोन वाजला, तो अछामच्या डोंगरातून. टेकराज जोशी बोलत होते. ते तिकडच्या पोलिसांतले असई, म्हणजे आपल्याकडच्या सहायक फौजदारासारखेच. म्हणाले, “मुन्शीबाई, नाना फोन नहीं उठा रहे. आज इतवार है ना?” रविवारी सकाळी दहाला नाना घरामागचा सडा, म्हणजे कातळाचं पठार, चढून जायचे, कारण त्यांच्या वाडीत फोनला रेंज नाही. आणि तिकडे जोशीही आपल्या गावामागच्या धारेवर चढून बसायचे, कारण त्यांच्याही गावात रेंज नाही. दोन देशांतले दोन म्हातारे दोन डोंगरांवर बसून अर्धा तास गप्पा मारायचे. मी म्हटलं, “पाऊस असेल हो, चढले नसतील.” तर जोशी म्हणाले, “नऊ वर्षांत असं एकदाही झालं नाही.” मग मी नानांच्या वाडीतल्या दुकानाच्या लँडलाइनवर फोन लावला. दुकानदार म्हणाला, “बाय, तुला कुणी सांगितलं नाय काय? काल तिन्हीसांजेला...”

मला आधी रडू आलं नाही. राग आला. अठरा वर्षं ज्या माणसाच्या टेबलाला टेबल लावून बसले, त्याच्या जाण्याची खबर मला आपल्याच जिल्ह्यातून कुणी देऊ नये? एवढी का मी परकी? एसटीत बसून हातखंब्यापर्यंत मी मनातल्या मनात सगळ्या घडशी मंडळींशी भांडत होते. हातखंब्याला गाडी थांबली, शेजारची बाई म्हणाली, “ताई, तुमच्या हाताला खोबरं लागलंय,” आणि तिथे माझा बांध फुटला.

मी पोलिसांत शिपाई म्हणून लागले आणि अक्षर बरं म्हणून मला रायटर केलं. ठाण्यातला जबाब, पंचनामा, वरच्या ऑफिसला जायचा कागद हे सगळं जो लिहितो तो रायटर. नानांनी पहिल्याच दिवशी माझं बारसं केलं, मुन्शीबाई. मी राजिवड्याची, रझिया काझी, हे ठाण्यात हजेरीपटाशिवाय कुणाच्या लक्षातही राहिलं नाही. नाना फार बोलायचे नाहीत, पण बोलले की चिमटा काढायचेच. खिशात कायम भाजलेल्या आठळ्या, फणसाच्या बिया. तक्रार द्यायला आलेलं माणूस फार रडायला लागलं की त्याच्या हातावर एक आठळी ठेवायचे आणि म्हणायचे, “ही सोला आधी, मग सांगा.” आठळी सोलेपर्यंत माणूस शांत व्हायचं. मी एखादा पंचनामा देखणा लिहून त्यांच्यापुढे मिरवत ठेवला की चष्म्यावरून बघायचे. “काय गो मुन्शीबाय, अक्षर चांगलं म्हणून लिहिलेलं खरं होतं काय?” मला भारी राग यायचा. एकदा मात्र त्यांचं म्हणणं अक्षरशः खरं ठरलं, आणि ते मी मरेपर्यंत विसरणार नाही.

आमच्याकडे ट्रॉलरवर खलाशी नेपाळी आणि आंब्याच्या बागेत राखणीला तेही नेपाळी, हे इथल्या कुणाला सांगायला नको. आणि आम्ही त्या सगळ्यांना काय हाक मारतो, तेही सांगायला नको. बहादूर. बागेतला बहादूर, नौकेवरचा बहादूर. त्या वर्षी मासेमारी सुरू होऊन महिना झाला होता. मिरकरवाडा बंदरातल्या एका नौकेवरून खलाशी पाण्यात पडला आणि पाचव्या दिवशी आरे-वारेच्या खडकात प्रेत लागलं. चेहरा ओळखण्यासारखा उरला नव्हता. मी नौका चालवणाऱ्या तांडेलाला विचारलं, नाव काय? “बहादूर.” पूर्ण नाव? “अहो बाय, बहादूर म्हणजे बहादूर. तीन सीझन आहे माझ्याकडे.” तीन सीझन एका ताटात जेवला, आणि नाव माहीत नाही! त्याची म्हणून जी बॅग तांडेलाने पुढे केली, तिच्यात नेपाळी नागरिकतेच्या कागदाची एक मळकी झेरॉक्स होती. मानबहादुर बोहरा, जिल्हा अछाम. झालं. बहादूर आणि मानबहादुर, जमलं की. नाना त्या दिवशी कोर्टात होते. मी सुबक अक्षरात लिहिलं, ‘मयत इसम नामे मानबहादुर बोहरा.’ दुसऱ्या नेपाळ्याला बोलावून दोन प्रश्न विचारावेत, एवढंही मला सुचलं नाही. संध्याकाळच्या आत कागद संपवायचा होता ना.

मी खलाशाची मुलगी. अब्बा जहाजावर असायचे. घरी तार आली की अम्मी ती वाचून घ्यायलाही कुणाला द्यायची नाही, मांडीखाली धरून तासभर तशीच बसून राहायची. हे बघत वाढलेल्या मला तरी कळायला हवं होतं.

कागद सरहद्दीवरच्या ठाण्यामार्फत अछामच्या एका चौकीत पोचला. तिथे असई होते जोशी. अर्धा दिवस डोंगर चढून त्यांनी मानबहादुरच्या बायकोला बातमी दिली. तिने बांगड्या फोडल्या, कुंकू पुसलं. क्रिया झाली, तेरावं झालं. आणि दसऱ्याला, त्यांच्याकडे तो आपल्या दिवाळीएवढा सण, मानबहादुरने वेरावळहून घरी फोन केला. नौका बदलून तो गुजरातला गेला होता, जाताना बॅग इकडेच टाकून गेला होता, ती पुढे कुणी उचलली ते त्यालाही माहीत नव्हतं... दुसऱ्या दिवशी ठाण्यात जोशींचा फोन आला. नानांनी स्पीकर लावला. पलीकडचा आवाज संतापलेला होता. “साहब, आपके मुर्दे ने कल घर पे फोन किया है.”

नानांनी माझ्याकडे बघितलंही नाही. “गलती मेरी है, साहब. मेरे ही कहने पर लिखा था,” म्हणाले. वरून चौकशी लागली तेव्हाही हेच लिहून दिलं. ठपका त्यांच्या सेवापुस्तकात गेला, माझं पान कोरं राहिलं. मी भांडले त्यांच्याशी. तुम्ही कोर्टात होतात, कागदावर आहे, खोटं का सांगता? तर म्हणाले, “तुला ओरडायला मी आहे ना? मग दुसऱ्यांना कशाला देऊ?” आणि खरंच ओरडले. असे ओरडले की बाहेरचा पहारेकरी आत डोकावला. “एक बाई जित्या नवऱ्याचं कुंकू पुसून बसली मुन्शीबाय! आणि दुसरी एक कुठेतरी वाट बघत्येय, तिला अजून काहीच माहीत नाही. ती कोण, ते सांग आधी!”

ती कोण? पुढचे पाच महिने हाच एक प्रश्न होता, कारण नौकेवरचे बाकीचे नेपाळी तोवर पांगले होते. वरिष्ठांमार्फत रीतसर पत्र पाठवलं, ते मुंबईला गेलं, तिथून दिल्लीला, दिल्लीहून काठमांडूला. अजूनही कुठल्यातरी टेबलावर ते विश्रांती घेत असेल. खरं काम झालं ते नानांच्या आणि जोशींच्या फोनवर. पहिले काही फोन नुसते भांडणाचेच. मग एक दिवस नानांनी विचारलं, “आडनाव जोशी? अहो, मग तुम्ही आमच्या आळीतलेच की!” पलीकडून हसू ऐकू आलं, आणि तिथून पुढे ते दोघे मित्र. नाना म्हणाले, एका नौकेवरचे नेपाळी बहुधा एकाच खोऱ्यातले असतात, तेव्हा एवढंच शोधा की दसऱ्याला कुणाच्या घरी फोन आला नाही. जोशी चौकीचं काम सांभाळून गावोगाव हिंडले. बहुतेक घरांनी सांगितलं, आला होता फोन. एका घरी म्हातारी म्हणाली, मुलगा रागावला असेल, म्हणून करत नाही. तिचा मुलगा धनसिंग साउद, कोकणात नावेवर.

आमच्याकडे प्रेताच्या अंगावरचं एकच काही उरलं होतं, कमरेच्या लाल दोऱ्याला बांधलेली एक पितळी चावी. ती मुद्देमालाच्या कपाटात होती. जोशींनी फोटो दाखवला तेव्हा म्हातारी म्हणाली, माझ्या पेटीची चावी अशीच आहे, ती मुलाकडेच असते, पण चाव्या काय, सगळ्या सारख्याच दिसतात. आता पेटी अछामला, चावी रत्नागिरीला. चावी फिरवून बघणार कशी? नानांनी कोर्टाची परवानगी काढली, चावी लाखेच्या सीलमध्ये घेतली, आणि आम्ही दोघं नेपाळच्या सरहद्दीवर बनबसाला निघालो. बाईमाणसाचा जबाब घ्यायचा म्हणून मी. आमचा अधिकार पुलाच्या अलीकडे, जोशींचा पलीकडे. दोघंही साध्या कपड्यांत. महाकाली नदीच्या पुलाजवळ अलीकडे एक चहाची टपरी आहे, तिथे जोशी त्या माउलीला घेऊन आले. दोन दिवस चालत आणि बसने आली होती. आम्हाला वाटलं होतं, पेटी कशी आणणार एवढी? तिने पेटी आणलीच नव्हती. कोयंडा उचकटून नुसतं कुलूप आणलं होतं, पदरात बांधून.

नानांनी सील फोडलं. मी पंचनाम्याचा कागद मांडीवर घेतला होता. चावी महिनोन्महिने पडून होती, नानांनी खिशातून खोबरेल तेलाची बाटली काढली आणि चावीला बोट लावलं. मग स्वतः फिरवली नाही, तिच्या हातात दिली. मनात मी म्हणत होते, उघडू नकोस... या अल्ला, उघडू नकोस. चावी फिरली. तिने कुलूप उघडलं, परत दाबून बंद केलं, परत उघडलं. असं तीनदा. मग चावी आणि कुलूप गालाशी धरून बसली. जोशी तोंड फिरवून नदीकडे बघायला लागले. टपरीवाल्याने न सांगता तिच्यापुढे चहा ठेवला.

निघताना तिने नानांना मोडक्या हिंदीत एकच गोष्ट विचारली, “वहाँ उसको क्या कहके बुलाते थे?”

पंचनाम्यात एक शब्द इकडचा तिकडे होऊ न देणारा हा माणूस. म्हणाला, “नाम से, आमा. सब धनसिंग ही बुलाते थे.” मी मान खाली घातली. ती म्हणाली, अच्छा, आणि तिला जरा बरं वाटलं असावं, कारण मग तिने चहा घेतला.

परतीच्या गाडीत नाना मथुरेपर्यंत खिडकीबाहेरच बघत होते. मग म्हणाले, “वही आहे काय गो? रकाने आख. पूर्ण नाव. आईचं नाव. गाव. आणि चौथा, कळवायचं कोणाला.” मी म्हटलं, “बापाचं नाव?” “ते सरकारला लागतं. शोधत गेलं की दार आईच उघडते.” ती वही म्हणजे साधी दोनशेपानी, निळ्या पुठ्ठ्याची. त्या वर्षापासून नाना ऑगस्टात मिरकरवाड्यात नौकानौकांवर, आणि मोहोर धरायच्या सुमाराला राखणदार आले की बागाबागांतून हिंडायचे. वर्दी नाही, काठी नाही, खिशात आठळ्या. सुरुवातीला ती माणसं घाबरायची, पोलीस नावं कशाला लिहितो म्हणून. नाना आधी स्वतःच्या गावाबद्दल बोलत बसायचे. मग विचारायचे, “और तुम्हारा?” बागायतदार कुणी “ए बहादूर” म्हणून ओरडला की त्याच्यासमोर मुद्दाम त्या माणसाचं पूर्ण नाव दोनदा वाचून दाखवायचे. यादीची एक प्रत जोशींकडे जायची. हुकूम नाही, परिपत्रक नाही, कुणी सांगितलेलं नाही. त्या यादीमुळे पुढे बागेत साप चावलेल्या एकाच्या भावाला त्याच दिवशी निरोप गेला, एक बेपत्ता खलाशी कारवारच्या इस्पितळात सापडला, आणि एक कायमचा गेला, त्याच्या घरी खरी बातमी खऱ्या नावाने पोचली. निवृत्त झाल्यावरही नाना दर हंगामाला गावाहून एसटीने यायचे. मी म्हणायचे, “नाना, आता पुरे करा हो, गुडघे बघा.” तर म्हणायचे, “तू येतेस काय बरोबर? नाय ना? मग गप.” मला कधी रजा नसायची, कधी कंटाळा यायचा... गेले असते तर काय बिघडलं असतं?

बातमी कशी द्यायची, हेही नानांनीच मला शिकवलं. आधी नाव नीट विचार. माणूस बसलाय का बघ. बातमी एका वाक्यात सांग, फिरवून-फिरवून नको. आणि सांगितल्यावर फोन ठेवू नकोस, समोरचा ठेवेपर्यंत धरून बस. त्या रविवारी नानांच्या घरी सगळं आवरल्यावर मी एकटीच त्यांचा सडा चढले. बसायचा त्यांचा जांभ्याचा चिरा कुणी सांगायला नको होता, आजूबाजूला आठळ्यांची सालं पडली होती. जोशींना फोन लावला, ते खबरेसाठी अजून आपल्या धारेवरच होते. म्हटलं, “जोशीजी, बैठे हैं?” त्यांना तिथेच कळलं. हा नियम त्यांनाही नानांनीच शिकवला होता ना. मी वाक्य सांगितलं आणि फोन धरून बसले. मग ते म्हणाले, “मुन्शीबाई, गाँव के मंदिर में दिया जलाऊँगा. नाम बोलना पड़ता है. पूरा नाम बताइए. और उनकी माँ का नाम.”

वसंत धोंडू घडशी, एवढं मी सांगितलं. आईचं नाव... मला माहीत नव्हतं! अठरा वर्षं. शेकडो नेपाळ्यांच्या आयांची नावं मी त्या वहीतून नानांच्या तोंडून ऐकली होती, आणि या माणसाला मी एकदाही विचारलं नव्हतं. नाना म्हणजे नाना. आणि तो तांडेल काय वेगळं म्हणाला होता? बहादूर म्हणजे बहादूर. मी फोनवर म्हटलं, “कळवते.” त्या दिवशी घरात कुणाला विचारायची हिंमत नव्हती माझी.

मग गेल्या आठवड्यात गेले, सगळी कार्यं उरकल्यावर. नानांच्या पत्नीला आम्ही ठाण्यातले सगळे वहिनीच म्हणतो. ओटीवर बसलो होतो. वहिनी आपणहूनच म्हणाल्या, “तुला कळवायचं राहिलं गो बाय. पोरगा त्यांच्या फोनात रझिया म्हणून शोधत बसला, गावलंच नाय. त्यांनी मेल्यांनी मुन्शीबाय म्हणून लिहून ठेवलेलं.” मला हसूही आलं आणि रडूही. म्हणजे नानासुद्धा! मग मी विचारलं, “वहिनी, तुमच्या सासूबाईंचं नाव काय?” “मथुरा. का गो?” मी सांगितलं तसं त्या उठल्या, आतून निळी वही आणली आणि माझ्या मांडीवर ठेवली. “हंगाम जवळ आला म्हणत होते. ही तुझ्याकडेच असू दे.”

रकाने मीच आखलेले, गाडीच्या हिसक्यांनी वाकडे. पण पहिलं पान मी कधी नीट बघितलंच नव्हतं. यादी सुरू होते दुसऱ्या पानापासून. पहिल्या पानावर वर ‘नमुना’ असं लिहून नानांनी एकच ओळ भरली होती, कशी भरायची ते शिपायांना दाखवायला. त्या भयंकर अक्षरात. पूर्ण नाव, रझिया इब्राहिम काझी. आईचं नाव, हलीमा. गाव, राजिवडा. मी त्यांना अम्मीचं नाव कधी सांगितलं होतं, मला आठवत नाही. बहुतेक ती गेली तेव्हा, दारात उभे होते ते, तेव्हा कुणाला तरी विचारून घेतलं असेल. माझं लग्न झालेलं नाही, दोन्ही भाऊ कुवेतला, हे त्यांना ठाऊक होतंच. चौथ्या रकान्यात, कळवायचं कोणाला, तिथे लिहिलं होतं, वसंत घडशी.

मी पेन मागून घेतलं. त्या ओळीखाली दुसरी ओळ लिहिली. वसंत धोंडू घडशी. आईचं नाव, मथुरा. गावाचं नाव लिहिलं. चौथ्या रकान्याशी थांबले, तर वहिनी म्हणाल्या, “तुझंच लिही की,” म्हणून माझं लिहिलं, पूर्ण नाव. त्याखाली जोशींचंही. येत्या रविवारी सड्यावर जाऊन त्यांना मथुरा हे नाव सांगायचंय, आणि पुढच्या महिन्यात बागेत राखणदार येतील, तेव्हा वही घेऊन मीच जाणार आहे. वरच्या ओळीतलं, माझ्या नावापुढचं, कळवायचं कोणाला ते मात्र होतं तसंच आहे. रायटर म्हणून आयुष्यभर मी पंचनाम्याच्या शेवटी खाडाखोड नाही असं लिहीत आले. इथेही केलेली नाही.